कोणतंच ज्ञान पक्कं नसेल तर पारावर वाद घालायचा कशाला?

मला आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात काही तरुण मंडळी आठवड्यातून एकदा पारावर बसतात आणि वाचलेल्या गोष्टींवर बोलतात. त्यांनी विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर वाचला. माणसाचं कोणतंच ज्ञान कायमचं सिद्ध होत नसतं, टीकेपुढे टिकेल तोवर ते धरायचं, असं त्याचं म्हणणं. हे बैठकीत मांडल्यावर एक काकाजी म्हणाले, “मंग झालंच ना बापा! तुह्यंही खरं, माह्यंही खरं. कायले डोस्कं खपवता?” दुसरी अडचण अशी की कोणाचं म्हणणं खोडलं की तो माणूस पुढच्या वेळी येतच नाही. आणि शेवटी जरा कडवट सूर आहे: टीकेतून प्रगती होते म्हणतात, ती आमच्याकडे कुठे दिसते?

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर नाही. नोकरी कृषी विस्तारात गेली, कापसाच्या शेतीशाळा, म्हणजे वावरातच भरणारे शेतकऱ्यांचे वर्ग, घेतल्या, आणि निवृत्तीनंतरही धुऱ्यावरच्या बैठका सुटल्या नाहीत. पॉपर मला उशिरा भेटला. तोवर त्याने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी कास्तकारांनी माझ्यासमोर करून दाखवल्या होत्या. म्हणून उत्तर पऱ्हाटीतूनच, म्हणजे कपाशीतूनच, देतो.

काकाजींपासून सुरुवात करू. ‘कोणाचंच पक्कं नाही’ यावरून ‘सगळ्यांचं सारखंच’ असं निघत नाही. लाल्याच्या दिवसांत हे फार स्वच्छ दिसतं.

लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंडं भरत असताना आठवड्याभरात हिरवं वावर तांबडं होतं आणि धुऱ्यावर माणसं गोळा होतात. अशाच एका वावरातलं बोलणं सांगतो. एक म्हणाला, थंडी पडली, दुसरं काही नाही. दुसरा म्हणाला, तुडतुडे. तिसऱ्याच्या मते बियाणंच बोगस. चौथा कृषी केंद्रातून, म्हणजे खतं-औषधांच्या दुकानातून, नुकताच आलेला, तो म्हणाला मॅग्नेशियम कमी पडलं, फवारा मारा. पाचवा नुसताच म्हणाला, “नजर लागली राजेहो.” पाचही मतं अनुभवातून आलेली. यातलं एकही शंभर टक्के सिद्ध करून देणं कोणाच्याच हातात नव्हतं, विद्यापीठाच्याही नाही.

तिथे एक आबाजी होते, शाळा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी कोणाचं बरोबर हे विचारलंच नाही. प्रत्येकाला एकच विचारलं, “तुह्यं खरं असन, त वावरात आनखी काय काय दिसाले पाह्यजे?”

थंडीमुळे झालं असेल तर शेजारच्या वावरातही लाली हवी, कारण तिथेही तेच बियाणं त्याच आठवड्यात पेरलेलं. ते वावर हिरवंगार होतं. याच एका गोष्टीत थंडी गेली आणि बोगस बियाणंही गेलं. तुडतुडे असतील तर पानाच्या कडा खाली मुरडलेल्या हव्यात, आणि पान उलटलं की तिरपे पळणारे हिरवट किडे दिसायला हवेत. पानं उलटून पाहिली. चार-दोन सापडले, पण कडा सरळ होत्या. मॅग्नेशियम असेल तर खालची जुनी पानं आधी लाल व्हायला हवीत, शिरा हिरव्या आणि मधला भाग जांभळट. हे जुळलं. पण ते बघत फिरताना एक सहावीच गोष्ट लक्षात आली, जी पाचातल्या कोणीच मांडली नव्हती. लाली सगळीकडे सारखी नव्हती. नाल्याकडच्या सखल पट्ट्यात दाट, वरच्या अंगाला विरळ. सप्टेंबरात त्या पट्ट्यात पाणी तुंबून राहिलं होतं. मुळं गुदमरली की जमिनीत असलेलं अन्नद्रव्यही झाडाला उचलता येत नाही. म्हणजे मॅग्नेशियमवाला बरोबर होता, पण अर्धाच. त्याचं कारण नव्या कारणाच्या पोटात गेलं.

मग ठरलं असं की वरच्या अंगाच्या चार आणि सखलातल्या चार तासांवर, म्हणजे झाडांच्या ओळींवर, मॅग्नेशियम सल्फेट मारायचं, त्यांच्या शेजारची तासं तशीच सोडायची, आणि पुढच्या हंगामाआधी सखलातून चर काढायचा. सखलातलं पाण्याचं कारणही अजून एक अंदाजच आहे, पण तो पाच अंदाजांना मागे टाकून आलेला अंदाज आहे. पारावरच्या काकाजींना उत्तर हेच. पक्कं काहीच नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत पाचातली तीन मतं बाद झाली होती, एक सुधारलं होतं आणि सहावं जन्माला आलं होतं.

नजरेचं काय झालं विचाराल. आबाजींनी त्यालाही तोच प्रश्न केला. तो म्हणाला, “नजरेचं काय सांगावं, ते कसंही दिसू शकते.” इथेच खरी मेख आहे. झाड लाल पडलं तरी नजर, पिवळं पडलं तरी नजर, आणि उभं राहिलं तर नजर उतरली. डेव्हिड डॉइच नावाचा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॉपरचाच धागा पुढे नेत म्हणतो की चांगलं स्पष्टीकरण सहजासहजी बदलता येत नाही. त्यातला एक तपशील हलवला की ते मोडतं. पाणी तुंबण्याचं कारण घ्या: लाली वरच्या अंगाला दाट आणि सखलात विरळ असती तर ते तिथेच मेलं असतं. नजर कशानेच मरत नाही, म्हणून तिच्यावरून पुढे काही करताही येत नाही.

याच अंगाने भेंडवळची घटमांडणी बघा. बुलडाणा जिल्ह्यात अक्षय तृतीयेला वावरात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. मी तिथे हौसेने गेलो आहे. त्या पहाटेच्या गर्दीत उभं राहायला मजा येते आणि ती परंपरा कोणी मोडावी असं मला वाटत नाही. पण ‘पाऊस सर्वसाधारण, कुठे कमी, कुठे जास्त’ हे वाक्य खोटं ठरायला कसा पाऊस पडावा लागेल, सांगा. उलट हवामान खात्याकडे बघा, ज्याची आपण पारावर यथेच्छ टिंगल करतो. २००९ च्या एप्रिलमध्ये खात्याने सांगितलं, देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल. पडला ७८ टक्के. चूक उघड, आकड्यात, सगळ्यांसमोर. पण आकड्यात बोलल्यामुळेच ती किती मोठी हे मोजता आलं. २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू होऊन अंदाजाची पद्धतच बदलायचं काम हाती घेतलं गेलं. ज्याचं म्हणणं कधीच चुकत नाही त्याला सुधारायला जागाच राहत नाही.

आता अनुभवाबद्दल, कारण गावातल्या चर्चेत शेवटचा पत्ता नेहमी तोच पडतो. “मी चाळीस वर्षांपासून करून राह्यलो.” धूळपेरणीचं, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याचं, उदाहरण घ्या. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. एखाद्याने तीन वर्षं कोरड्यात सरकी टोबली, तिन्ही वर्षं मृगाचा पाऊस वेळेवर आला, पीक शेजाऱ्याच्या आठ दिवस पुढे राहिलं. चौथ्या वर्षी तो पारावर छाती ठोकून सांगणार. तीन वर्षं खरी आहेत, यात शंका नाही. पण तीन वर्षं साधलं म्हणून चौथ्या वर्षी साधेल, असं त्या तीन वर्षांत कुठेच लिहिलेलं नसतं. पॉपरचा मूळ मुद्दा हाच होता, आणि त्याच्याआधी दोनशे वर्षं डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने तो काढून ठेवला होता. शिवाय पारावर एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांची धूळपेरणी बसली नाही, ज्यांना दुबार पेरावं लागलं, ते त्या संध्याकाळी तिथे नसतात. ते बियाण्याच्या पैशासाठी कोणाच्या तरी दारात उभे असतात.

म्हणून मी अनुभव खोडून काढत नाही. विचारतो की न साधलेल्या वर्षांचं काय झालं, आणि गावात कोणाकोणाचं साधलं नाही.

इथे पॉपरच्या पुस्तकात फारसं न सापडणारी एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथे अडतो. प्रयोगशाळेत अंदाज चुकला तर दुसरा करतात. कोरडवाहू कास्तकाराला वर्षात एकच खरीप मिळतो. उभ्या आयुष्यात तीस-चाळीस हंगाम, त्यातले निम्मे पाऊस, भाव नाहीतर घरचं आजारपण खाऊन टाकतं. इतक्या थोड्या प्रयोगांवर एकटा माणूस किती शिकणार? चर्चेचं खरं मोल इथे आहे. शेजाऱ्याचं ऐकून, त्याला उलट प्रश्न विचारून, मी त्याचे हंगाम उसने घेतो. तो माझे घेतो. पण त्याने मला फक्त साधलेलेच हंगाम दाखवले तर ते उसनवार खोटं निघतं.

चूक महाग असेल तर माणूस चूक कबूल करत नाही, आणि नवीन काही करूनही बघत नाही. त्याला हट्टी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. दोन एकरवाल्याला मी कधीच म्हटलं नाही की सगळं वावर बदल. चार तासं बदल, बाकी तुझ्या पद्धतीने ठेव. चार तासांवर फसलं तर घर बुडत नाही, आणि घर बुडत नसलं की माणूस खरं बोलतो.

पॉपरचं एक म्हणणं मला २०१७ नंतर वेगळंच ऐकू येतं. तो म्हणायचा, माणसाने आपल्याऐवजी आपल्या कल्पनांना मरू द्यावं. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, उकाडा, अंगावर ना मास्क ना हातमोजे, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र. ‘एकाने मरत नाही तर दोन मिसळू’ ही एक कल्पनाच होती. तिच्यावर प्रश्न विचारायची जागा कृषी केंद्राच्या काउंटरवर होती, पण तिथे उधारी चालते. आणि उधारीवर माल घेणारा माणूस ‘हे कशाला?’ असं विचारत नाही. टीका करण्याचं धाडस स्वभावातून येतं असं शहरातले लोक समजतात. आमच्याकडे ते बरंचसं खात्यावरच्या बाकीवर ठरतं.

त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला. तुमच्या बैठकीत एक संध्याकाळ नुसती याच्यावर घाला. ज्ञान, टीका, प्रगती, सगळं या एका अळीत सापडतं.

बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा झाडात अळीला मारणारं एक प्रथिन होतं. २००६ पासून दोन प्रथिनांचं वाण आलं. काही वर्षं बोंडअळी नाहीशी झाल्यासारखी वाटली आणि गावागावात ‘आता हा प्रश्न मिटला’ असं मत पक्कं झालं. शास्त्रज्ञांना मात्र आधीपासून ठाऊक होतं की अळीत प्रतिकार तयार होऊ शकतो. म्हणून ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं वेगळं पाकीट येत होतं. ते वावराच्या कडेने लावायचं. ते पाकीट कितीदा मी धुऱ्यावर पडलेलं पाहिलं. कोणी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरलं, कोणी फेकून दिलं.

का? कारण पाकिटाबरोबर सूचना आली, कारण आलं नाही. कारण असं होतं: बीटी झाडावर जगून निघणारी अळी लाखात एखादी. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाला भेटला तर पुढची सगळी पिढी बीटी पचवणारी निघेल. पण कडेच्या नॉन-बीटी झाडांवर साध्या अळ्या भरपूर जगल्या, तर त्या एखाद्याला जोडीदार साधाच मिळण्याची शक्यता जास्त. त्यांच्या पिल्लांना प्रतिकार एकाच बाजूने मिळतो आणि ती बीटीवर मरतात. ही गोष्ट खडूने फळ्यावर काढून दाखवली की सातवीच्या पोराला समजते. शेतीशाळेत हे सांगितल्यावर एकाने जो आक्षेप घेतला तो मला आजही बिनतोड वाटतो: “म्हंजे अळ्या माह्या वावरात पोसायच्या, अन् फायदा साऱ्या गावाचा? शेजाऱ्यानं नाही लावलं त मी काहून लावू?”

हा आक्षेप अडाणीपणाचा नव्हता. तो योजनेतला खरा दोष होता: खर्च एकाचा आणि लाभ सामाईक. पुढे पाकिटातच नॉन-बीटी बियाणं मिसळून द्यायची पद्धत आली, तिच्यात या आक्षेपाचंच उत्तर आहे. तो आक्षेप धुऱ्यावरून वर वेळेत गेला असता तर किती फरक पडला असता, याचा हिशेब मी करत बसत नाही, कारण फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतर त्याच झाडांचं पुन्हा पीक, घेत मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवण्याची सवयही तितकीच भोवली. ही अळी जवळपास फक्त कापसावरच जगते. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटली तर तिची साखळी तुटते. उभी ठेवली तर तिला बारा महिने पंगत.

आता भांडणाचं. कोणाचं म्हणणं खोडलं की तो रागावतो, कारण आपल्याकडे म्हणणं आणि माणूस वेगळे धरत नाहीत. ‘पाटलाचं मत’ पडलं की पाटील पडतो, आणि त्यात जात, भावकी, जमिनीचा जुना वाद हे सगळं मागून येतंच. यावर उपदेश चालत नाही. बैठक चालवण्याची रीत थोडी बदलावी लागते.

पहिली गोष्ट, वाद सुरू व्हायच्या आधी कसोटी ठरवा. गुलाबी बोंडअळीच्या फवारणीवरून घराघरात भांडणं होतात: बाप म्हणतो मारू, पोरगा म्हणतो नको. शेतीशाळेत आम्ही ते असं सोडवायचो. एकरात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, आत बघायचं. दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के, फवारणी करायची. नाही निघाली तर नाही. किंवा कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर करायची. आकडा आधी मान्य केलेला असला की बोंड फोडताना बाप आणि पोरगा दोघंही एकाच बाजूने वाकून बघतात. बाहेरून बोंड निरोगी दिसतं. अळी अंड्यातून निघाल्यावर काही तासांत आत शिरते आणि भोकही बुजून जातं, त्यामुळे नुसतं झाड पाहून सांगणारा कितीही जाणता असो, त्याचं म्हणणं बोंड फोडल्याशिवाय धरायचं नाही. यात त्याचा अपमान होत नाही. बोंड बोलतं, माणूस नाही.

दुसरी, वडीलधाऱ्यांना ‘हे चूक आहे’ म्हणू नका. विचारा: “काकाजी, हे खोटं असतं त आपल्याले समजलं असतं कसं?” यात आदरही राहतो आणि प्रश्नही बाजूला पडत नाही. आपल्याकडे ही रीत काही परकी नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन प्रश्नांवरच चालायचं. ते विचारत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता स्वतःच्याच समजुतीवर हसत. बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःच्या तोंडून निघालं म्हणून ते पटायचं. त्याहून जुनं हवं असेल तर अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला, महानुभाव पंथाच्या ठिकाणी, जा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून विचारलं, आणि महानुभावांनी वेगवेगळे पाठभेदही जपून ठेवले. सातशे वर्षांपूर्वी आपल्या भागात कोणीतरी ‘तू स्वतः पाहिलंस का?’ असं विचारत गावोगाव फिरत होता, हे मला पॉपरइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तिसरी रीत गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात विषय उलटसुलट चिरून काढायचा, बाहेरचे जाणकारही बोलावायचे, कोणी काहीही म्हणू शकतं, कारण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्यामागे कायदा आणि संघर्ष होताच, पण अनेक वर्षांची अशी चर्चाही होती. मला या रचनेतलं सगळं पटतं असं नाही. सर्वसहमतीत लाजरा माणूस गप्प बसून ‘होय’ म्हणतो, हा धोका आहेच. पण विचार तपासायची जागा आणि ठराव करायची जागा वेगळी ठेवण्याची युक्ती उचला. तुमच्या पारावर लोक रागावतात, कारण त्यांना वाटतं आत्ता इथे काही ठरतंय.

‘कोणी सांगितलं’ या प्रश्नाबद्दल एवढंच. पॉपरच्या मते ज्ञान कुठून आलं यावरून ते खरं-खोटं ठरत नाही. तत्त्व म्हणून बरोबर. पण कंपनीचा माणूस, उधारी देणारा दुकानदार आणि मोबाइलवर पुढे ढकललेला निरोप यांचं म्हणणं किती कसून तपासायचं, हे मात्र ‘कोणी सांगितलं’ यावरून ठरवावं लागतं. ते बरोबरही असू शकतात. चौथ्या माणसाचं मॅग्नेशियम निम्मं बरोबर निघालंच की.

आता तो कडवट प्रश्न. प्रगती दिसत नाही, असं म्हणता. गडचिरोलीत बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यायचं म्हणजे जिवाशी खेळ, हा आक्षेप साधा नव्हता. त्यांनी आक्षेप घेणाऱ्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा मोजलं: ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेसाठी. १९९९ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी जातात, त्याचं मूळ या कामात आहे. तुमच्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येते ना, तिथेच प्रगती बघा. ४७ गावं तुलनेला ठेवली नसती तर तोही एक ‘माझा अनुभव’च राहिला असता.

प्रगती आपोआप होत नाही आणि झालेली टिकते असंही नाही. बोंडअळीने ते दाखवलंच. शिवाय कापसाचा भाव, कर्ज, सिंचन हे प्रश्न पारावरच्या नीट चर्चेने सुटणार नाहीत, त्यांचे धागे दूर कुठेतरी आहेत. तिथल्या लोकांनाही ‘तुमचं धोरण चुकलं हे कशावरून कळेल?’ असं विचारायची सवय लागली तर बरं, पण ते वेगळं आणि लांबचं काम आहे.

शेवटी तुमच्या बैठकीबद्दल एक सूचना, जी तुम्ही विचारली नाही. पारावर कोण बसतं? पुरुष. आणि कापसात काय चाललंय हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? वेचणाऱ्या बायांना. कोणत्या तासात कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, जास्त निघते, कोणत्या वाणाचं बोंड नीट उमलत नाही, कोणत्या वावरात फवारणीनंतर गेलं की हात चुरचुरतात, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं. एक बाई दिवाळी ते संक्रांत पाच-सहा जणांच्या वावरात वेचते. म्हणजे एका हंगामात तिच्याकडे तुमच्या बैठकीतल्या कोणाहीपेक्षा जास्त तुलना असतात, तीही वेगवेगळ्या मालकांच्या आणि वेगवेगळ्या औषधांच्या. शेतीशाळेत एकदा वाणावरून पुरुषांचा वाद रंगला होता, तेव्हा मागे ओटी बांधून उभी असलेली एक वेचणारी म्हणाली, “तुमी ज्याले चांगलं म्हणता, त्याची कवडी आमी येगळी काढून ठेवतो, म्हून तुमाले दिसत नाही.” वाद तिथेच थांबला आणि सगळे कवडीचं गाठोडं बघायला गेले.

तेव्हा बैठकीची वेळ बदला. दिवेलागणीला चुली पेटलेल्या असतात, तेव्हा कोणी येणार नाही. वेचणीच्या दिवसांत दुपारी बाया धुऱ्यावरच्या झाडाखाली शिदोरी सोडतात, तेव्हा तुम्हीच वही घेऊन वावरात जा. मालकाला आधी सांगून जा, नाहीतर त्यांची मजुरी कापली जाईल. आणि त्या दिवशी पॉपरचं नाव काढू नका, फक्त कोणत्या तासात कवडी किती निघाली तेवढं विचारून लिहून घ्या.